जोडीत बोलू द्यावं की सगळ्या वर्गासमोर?

गणिताच्या तासाला मुलांनी वाद घालावा हे पटलं, की पुढचा प्रश्न येतो: कुणाशी? शेजाऱ्याशी, की सगळ्या वर्गाशी?

०.३५ मोठं की ०.४? '३५ मोठे, म्हणून ०.३५' असं मनात धरून बसलेलं मूल वर्गासमोर तोंड उघडत नाही. शेजाऱ्याला मात्र बिनधास्त सांगतं. तो विचारतो, "०.४ म्हणजे ०.४० ना?" मग पहिला थांबतो, दोन्ही संख्या एकाखाली एक मांडतो आणि आपलं उत्तर स्वतःच खोडतो. मला हे खोडणं फार मोलाचं वाटतं, आणि जोडीत ते लाज न वाटता होतं. पण दोघांचीही समजूत सारखीच चुकलेली असेल, तर ती आणखी पक्की होते.

तिथे सगळा वर्ग हवा. ऑयलर या गणितज्ञाचं उदाहरण घ्या: संख्येचा वर्ग करा, त्यात तीच संख्या आणि ४१ मिळवा. १ घेतला तर ४३, २ ला ४७, ३ ला ५३; सगळ्या मूळ संख्या. "नेहमीच मूळ येणार!" असा गलका होतो. ३९ पर्यंत ते खरंही ठरतं. एखादीच मुलगी ४० घेऊन बघते: १६८१, म्हणजे ४१ × ४१. शंभर उदाहरणं जुळली तरी सिद्धता होत नाही आणि एक उलट उदाहरण पुरतं, हे जोडीत क्वचितच हाती लागतं.

नव्या वर्गात मी जोडीपासूनच सुरुवात करेन. मुलं "मला वाटतं" ऐवजी "कारण" म्हणू लागली, की फळा त्यांच्याकडे द्यावा. शिक्षकाने 'बरोबर' म्हणण्याची घाई तेवढी करू नये. तो शब्द आला, की वाद तिथेच मिटतो.