उतारवयातील पक्षिछायाचित्रण: जड लेन्स की हलकी?

साठीनंतर पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांनी निकॉनची २००-५०० मिमी आणि ऑलिंपसची ७५-३०० मिमी यांतून लेन्स निवडताना आधी वजन पाहावे. पहिली सुमारे २.३ किलोची आहे, तर दुसरी अर्धा किलोही भरत नाही आणि तिच्या कॅमेऱ्यातील लहान सेन्सरमुळे (प्रकाश टिपणाऱ्या चिपमुळे) ६०० मिमीइतका पल्ला देते. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर हलत्या नावेत ट्रायपॉडचा उपयोग होत नाही. जड लेन्स हातात धरून दहा मिनिटे झाली की मनगट थरथरू लागते आणि रोहित पक्ष्याचा (फ्लेमिंगोचा) डोळा नेमका धूसर येतो. पहाटेच्या अंधूक उजेडात मात्र मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर जड लेन्सचे चित्र निःसंशय अधिक स्वच्छ येते. तरीही खांदा दुखणाऱ्याला मी हलकीच लेन्स सुचवीन आणि ऊन वर येईपर्यंत आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) निःसंकोच वाढवायला सांगेन.