घरबसल्या रविवारची उपासना: थेट प्रक्षेपण किती पुरतं?

चर्चच्या थेट प्रक्षेपणातली उपासना आजारी, वृद्ध किंवा रविवारी कामाची पाळी असलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी खरोखर मोलाची आहे. उपदेश स्वच्छ ऐकू येतो, निसटलेला भाग मागे नेऊन पुन्हा ऐकता येतो. तेवढ्यापुरते पूर्ण गुण. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाण्याला पर्याय म्हणून मात्र ती तोकडी पडते.

गायनच घ्या. प्रक्षेपण बहुधा काही सेकंद मागे असतं. घरी म्हटलेलं ‘आमेन’ मंडळीत कुणाच्याच कानी पडत नाही, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत घरातले गाणं सोडून नुसते बघत बसतात. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची, उणीव तर याहून मोठी. इ.स. 155च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलंय: शास्त्रवाचन, बोध, उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि प्याला. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी पोहोचवत. म्हणजे गैरहजरांची सोय तेव्हाही होती, पण ती सभेतूनच निघत होती.

बायबलमधल्या इब्री 10:24-25 मध्ये एकत्र मिळणं सोडू नका असं सांगितलंय, ते एकमेकांना उत्तेजन देण्यासाठी. पडद्यावर कुणाची रिकामी जागा दिसत नाही, त्यामुळे विचारपूसही राहून जाते. सगळ्यात मोठं नुकसान हेच.

घरूनच बघावं लागत असेल तर वेळेवर सुरू करा, बायबल उघडून बसा, पाळकांना तसं कळवा आणि प्रभुभोजन घरी आणण्याची विनंती करा. हिंडता-फिरता येत असेल, तर ही सेवा प्रवासाच्या आणि आजारपणाच्या रविवारांसाठीच ठेवा.