‘द साउंड्स ऑफ द वर्ल्ड्स लँग्वेजेस’: मराठी उच्चार तपासताना काही महिने वापरल्यानंतर

पीटर लॅडफोगेड आणि इयन मॅडिसन या ध्वनिशास्त्रज्ञांचं हे पुस्तक १९९६ साली आलं. चारशेहून अधिक पानांच्या या पुस्तकाची मांडणी भाषांनुसार नाही, ध्वनींनुसार आहे: उच्चारस्थानं, स्पर्श (क, त, प सारखे), अनुनासिक (म, न सारखे), घर्षक (स, श सारखे), पार्श्विक (ल, ळ सारखे), र-कार, क्लिक (चकचक केल्यासारखे ध्वनी), स्वर. त्यामुळे ‘मराठीबद्दल यात काय आहे’ एवढंच पाहायला हे घेऊ नये. एक उच्चार हातात धरावा आणि इतर भाषा तो कसा करतात ते वाचत जावं. असं वापरलं तर याच्या तोडीचं दुसरं पुस्तक नाही.

सगळ्यात मोठा फायदा मूर्धन्य वर्णांचा. आपल्या व्याकरणात ट, ठ, ड, ढ, ण, ळ एका ओळीत बसवले की विषय संपतो. इथे उच्चारस्थानांचे १७ प्रकार केले आहेत आणि ‘मूर्धन्य’ हा एकच कप्पा फोडला आहे. लॅडफोगेड आणि पेरी भास्करराव यांनी १९८३ मध्ये क्ष-किरण चित्रांवरून दाखवलं होतं, की हिंदीतल्या ट-ला जिभेचं टोक हिरड्यांच्या जरा मागे टेकतं, तर तमिळ-तेलुगूत जीभ उलटी वळून तिची खालची बाजू कठोर टाळूला लागते. मराठी या दोन्ही पट्ट्यांना लागून बोलली जाते. म्हणून आपला ट आणि आपला ळ नेमका कुठे लागतो, हे गृहीत न धरता प्रत्येक बोलणाऱ्याच्या तोंडात पाहायला हवं.

पाहायची रीत लॅडफोगेड यांच्याच ‘फोनेटिक डेटा अ‍ॅनालिसिस’ (२००३) मध्ये आहे, म्हणून ही दोन पुस्तकं जोडीनेच ठेवावीत. खाण्यायोग्य कोळशाची पूड आणि ऑलिव्ह तेल सारख्या प्रमाणात कालवून ब्रशने जिभेवर लावायचं. शब्द एकदाच म्हणायचा, मग तोंड उघडं ठेवायचं. आवंढा गिळला की काम वाया गेलं. जीभ जिथे टेकली तिथे टाळूवर लेपाचा डाग उमटतो; वरच्या दातांमागे आरसा तिरका धरून त्या टाळूचा फोटो घ्यायचा. आरसा आधी कोमट करावा, नाहीतर श्वासाने धुरकटतो. दुसऱ्या फेरीत उलट करायचं: लेप टाळूवर, फोटो जिभेचा. ट जिभेच्या टोकाने होतो की खालच्या बाजूने, हे या दुसऱ्या फोटोतच कळतं. त्यासाठी जीभ वर उचलायला लावून खालच्या बाजूचाही फोटो घ्यावा लागतो.

शब्दांची निवड इथे फार महत्त्वाची. शब्दात टाळूला लागणारा वर्ण एकच हवा. ‘पाट’, ‘माठ’, ‘बाळ’ चालतात. ‘पाणी’ चालत नाही, कारण ई म्हणताना जिभेच्या कडा टाळूला लागतात आणि ण-चा डाग त्यात मिसळतो. ‘नळ’ही नको, न स्वतःचा डाग सोडतो.

स्पर्शांचं प्रकरण दुसऱ्या कारणासाठी पुन्हा पुन्हा उघडावं लागतं. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये ११ भाषांत स्पर्शाचा स्फोट आणि स्वरतंत्रींचं कंपन यांतलं अंतर मोजलं. त्या अकरांत मराठी होती. ‘ताट’ आणि ‘थाट’ या मापाने सहज वेगळे होतात. ‘दार’ आणि ‘धार’ होत नाहीत, कारण दोन्हींत कंपन स्फोटाच्या आधीच सुरू असतं. फरक असतो तो स्फोटानंतरच्या श्वासमिश्रित आवाजात. तो मोजायला पुढच्या स्वरातल्या पहिल्या आणि दुसऱ्या हार्मोनिकच्या (स्वरतंत्रींच्या कंपनाची मूळ वारंवारता आणि तिची दुप्पट) तीव्रतेतला फरक घ्यायचा. स्वर आ निवडावा. इ-उ मध्ये पहिला फॉर्मंट (तोंडाच्या पोकळीमुळे जोर मिळणारा वारंवारतेचा पट्टा) खाली असतो आणि तोच या हार्मोनिकना फुगवतो, आकडा फसवा येतो.

ही सगळी मोजणी प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते, पण मूळ सेटिंगवर विसंबू नये. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांचं चित्र, ५००० हर्ट्झपर्यंतच दिसतो. ‘चारा’तला च आणि ‘चार’मधला च यांच्या घर्षणातला फरक बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून मर्यादा १०००० करावी. फॉर्मंटची कमाल ५५०० असते, ती स्त्रियांच्या आवाजाला ठीक. पुरुषांसाठी ५००० ठेवावी, नाहीतर मूर्धन्य वर्णाजवळ खाली येणारा तिसरा फॉर्मंट चुकीच्या जागी दिसतो. ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या फाइलमध्येच हवं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली क्लिप घर्षक मोजायला निरुपयोगी.

अडचणीही आहेत. पहिली चिन्हांची: हिंदीसारख्या ट-ला इथे खाली टिंब दिलेला रोमन टी आहे, तमिळसारख्याला शेपूट वळवलेला. आंतरराष्ट्रीय वर्णमालेत शेपटीचंच चिन्ह आहे, आणि आपल्याकडे रोमन लिप्यंतरात टिंबाचा टी कुठल्याही ट-ला वापरतात. टिपणं काढताना पहिल्याच पानावर आपलं चिन्ह ठरवून लिहून ठेवावं, नाहीतर पुढे दोन वेगळे ट एकच होऊन बसतात.

दुसरी, पुस्तक वाचायचं आहे, ऐकायचं नाही. निलगिरीतल्या तोडा भाषेतले चार स-श नुसत्या आकृत्यांवरून कानाला कळणार नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेच्या ध्वनिप्रयोगशाळेचा संग्रह ऑनलाइन खुला आहे, शब्दयाद्यांच्या स्कॅनसकट. तो शेजारी उघडा ठेवूनच वाचावं. मात्र जुन्या टेपांची खरखर लक्षात घ्यावी: कान तयार करायला त्या उत्तम, श्वासमिश्रित आवाज मोजायला नाहीत.

तिसरी, बऱ्याच आकृत्यांमागे मोजके बोलणारे आहेत. एका माणसाचं टाळूचित्र म्हणजे अख्खी भाषा नव्हे, हे प्रत्येक पानावर मनात ठेवावं लागतं. एखादा ध्वनी किती भाषांत आढळतो हे हवं असेल तर मॅडिसन यांचं १९८४ चं ‘पॅटर्न्स ऑफ साउंड्स’ पाहावं, त्यात ३१७ भाषांच्या ध्वनियाद्या आहेत.

मराठीपुरती एक पोकळी राहते ती ‘म्हैस’, ‘न्हाणी’, ‘ल्हान’ या उच्चारांची. ध-भ साठीचं हार्मोनिकचं माप म्ह आणि न्ह-ला लावलं तर नाकातला खालचा अनुनाद त्यात मिसळतो. त्यामुळे ‘म्हातारा’ आणि ‘मातारा’ असे जोडशब्द एकाच बोलणाऱ्याकडून, एकाच वाक्याच्या चौकटीत, दहा-दहा वेळा म्हणवून घ्यावे आणि मोजणी अनुनासिकात न करता त्यापुढच्या आ-मध्ये करावी. दुसरा शब्द निरर्थक असला तरी चालेल, आधी दोन-तीनदा म्हणवून जिभेला सवय करून द्यावी.