तपासणीचं पॅकेज, सरकारी पथक की रोजचा तास?

जूनमध्ये शाळा उघडली की मुख्याध्यापकांच्या टेबलावर आरोग्य तपासणीच्या पॅकेजची पत्रकं येऊन पडतात. मग समितीच्या बैठकीत चर्चा रंगते. बाहेरच्या संस्थेला पैसे द्यायचे, सरकारी पथकावर भागवायचं, की तेच पैसे रोजच्या व्यायामाकडे वळवायचे? मी समितीत पालक प्रतिनिधी म्हणून बसते. माझा कौल आधीच सांगते: तपासणीनंतर पोराच्या उपचारांचा पाठपुरावा कोण करणार, हे विचारल्याशिवाय कशावरही सही करू नका.

तुमची शाळा अनुदानित किंवा सरकारी असेल तर निम्मा प्रश्न सुटलेलाच आहे. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अशा शाळेत वर्षातून एकदा येतं. त्यात दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. जन्मजात दोष, पोषणाची कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब या चारही बाजूंनी मूल तपासलं जातं. काही सापडलं तर पुढचे उपचार मोफत, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही. पॅकेजमध्ये हे मिळत नाही, ते रिपोर्टापाशी थांबतं. पथकाची अडचण वेगळी. तारीख त्यांच्या सोयीने ठरते, आणि त्या दिवशी गैरहजर असलेलं मूल बहुतेक वेळा वर्षभर राहूनच जातं.

स्वयंअर्थसहाय्यित शाळांकडे हे पथक येत नाही, त्यांना खासगी तपासणीच घ्यावी लागते. दात, डोळे, हिमोग्लोबिन एवढं नीट झालं तरी पुरे. पानभर चाचण्यांची यादी लागत नाही. एक अट मात्र कराराच्या वेळीच घाला. आमच्याकडे एका शिबिरात वजनं सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचली गेली. सातवीतल्या एका मुलीने त्यानंतर आठवडाभर डबा उघडला नाही. तेव्हापासून मी आग्रह धरते: वजन आडोशाला, आकडा फक्त पालकांना. त्या शिबिराचे रिपोर्टही कपाटातच राहिले. चष्म्याची गरज असलेली मुलं दिवाळीनंतरही शेवटच्या बाकावर डोळे बारीक करून बसली होती.

आता रोजचा तास. 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं अंग घामाजेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे पीटीचे तास मुळातच मोजके, आणि जानेवारीत गणिताचे सर तेही मागून घेतात. शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान उभारलं त्या कोल्हापुरात हे मला बोचतं. पेठेपेठेत तालीम आहे, फुटबॉलचं वेड आहे. जवळच्या तालमीतल्या वस्तादांना मानधन देऊन बोलावलं तर जोर, बैठका, सूर्यनमस्कार मुलं आवडीने करतात. यंत्रं लागत नाहीत, सतरंजी पुरते. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो म्हणून व्हरांड्यातला कार्यक्रम आधीच ठरवून ठेवा, नाहीतर जुलै-ऑगस्ट वाया जातो. मुलींसाठी शिकवणारी बाई हवी, पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं, कपाटात पॅड हवेत. हे नसेल तर आठवीपासूनच्या मुली कट्ट्यावर बसून राहतात आणि आपण म्हणतो, त्यांना आवड नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. पोषण आहारात पहिली ते पाचवीसाठी 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीसाठी 700 आणि 20, असा निकष आहे. ताटात ते उतरतं का, हे पालकांनी अधूनमधून जेवून पाहावं. जास्त साखर, मीठ, तेलाचे पदार्थ शाळेपासून 50 मीटरच्या आत विकायला मनाई आहे. लोहाची गोळी आठवड्यातून एकदा, लहानांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढे निळी. ती जेवणानंतर द्या, चहा-दुधाबरोबर नको. उपाशीपोटी दिली की पोटात मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात गोळी बाकाखाली सापडते.

मी पैसे असे वाटेन: अनुदानित शाळेने पॅकेज सोडून द्यावं, पथकाची तारीख पालकसभेत आठवडाभर आधी सांगावी आणि सगळा खर्च रोजच्या तासावर करावा. स्वयंअर्थसहाय्यित शाळेने छोटी तपासणी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत तोच तास चालवावा. दोन्हीकडे एक वही लागेल. मुलाचं नाव, काय सापडलं, पालकांना कधी सांगितलं, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा जवळच्या दवाखान्यात नेलं का, चष्मा आला का. ही वही एका बाईंच्या नावावर करा, आणि त्या बदल्यात त्यांच्याकडचं दुसरं एखादं काम काढून घ्या.