तेलाच्या आधारावर दाखवलेले कॉम्प्रेशन

गेल्या पावसाळ्यात मी २४ मिलिमीटर बोअरचे (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे), एका सिलिंडरचे फोर स्ट्रोक मॉडेल इंजिन २२,००० रुपयांना विकत घेतले आणि त्या व्यवहारात माझी फसवणूक झाली. हाताने घडवलेली अशी इंजिने आपल्याकडे क्वचितच विक्रीला येतात आणि समोर आले की घेणारा हरखून जातो. माझेही तसेच झाले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

विक्रेत्याने माझ्यासमोर फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) हाताने फिरवले. पिस्टन वर येताच आत दाबल्या गेलेल्या हवेमुळे, म्हणजे कॉम्प्रेशनमुळे, चाकाने जोरात उलटी उसळी घेतली. "बघा काका, वर्षभर बंद होतं, तरी कॉम्प्रेशन किती टणक आहे!" असे म्हणून त्याने चालत्या इंजिनाचा व्हिडिओही दाखवला. इथेच सुरू करून दाखवा, असे मी म्हणालो तेव्हा टाकी गळते असे कारण त्याने पुढे केले, आणि मी ते मान्य केले.

घरी पेट्रोल घालून पंधरा-वीस वेळा फिरवल्यावर चाक अगदी सैल फिरू लागले. प्लग काढला, तर तो मधासारख्या दाट तेलाने माखलेला होता. दाट तेल पिस्टनवरची रिंग आणि सिलिंडरची आतली भिंत यांमधली फट तात्पुरती बुजवते, आणि पेट्रोलने ते धुऊन गेले की खरी स्थिती उघडी पडते. हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) उतरवल्यावर दोन्ही व्हॉल्व्ह ज्या कडेवर टेकून बंद होतात त्या सीटवर ग्रीस थापलेले दिसले. ते रॉकेलने पुसून भिंगातून पाहिले, तेव्हा जिथे ०.३ मिलिमीटरची बारीक कड असायला हवी, तिथे जाड पेस्टने घासघासून मिलिमीटरभर रुंद, ओरखड्यांनी भरलेला पट्टा झाला होता आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये (ती ज्या नळीत सरकते तिच्यात) उघड हलत होती. दांडी अशी हलत असेल, तर व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसतो. मग कितीही लॅपिंग (पेस्टने घासून जागी बसवणे) करा, सील होत नाही.

विक्रेत्याने फोनवर "तुम्ही चुकीचं पेट्रोल घातलं" असे ऐकवले आणि त्यानंतर फोन उचलणे बंद केले. व्हिडिओ पुन्हा नीट पाहिला, तेव्हा लक्षात आले की प्लगला ठिणगीची वायर जोडलेलीच नव्हती. चाक बाहेरून कशाने तरी फिरवले जात होते.

अखेर कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका टर्नरने गनमेटलचे (एक प्रकारच्या काशाचे) नवे केज, म्हणजे सीट आणि गाइड एकत्र असलेला भाग, करून दिला. गाइडचे भोक आणि ४५ अंशांची सीट त्याने लेथवर एकाच पकडीत कापली, व्हॉल्व्हची दांडी आणि तोंडही तसेच, आणि मग बारीक पेस्टने बोटांनी अगदी हलके लॅपिंग केले. बिडाची नवी रिंगही घातली. पोर्टला (व्हॉल्व्हमागच्या हवेच्या वाटेला) नळीने सिरिंज लावून दट्ट्या ओढून सोडला, की तो झटकन मागे जातो; सील झाल्याची ही साधी खूण आहे.

हीच सिरिंज आपण खरेदीला जाताना सोबत न्यावी. प्लग काढून आत तेल आहे का ते पाहावे, असल्यास पेट्रोलने धुवायला लावून मगच चाक फिरवावे, आणि शक्य तर हेड उतरवून सीटवरचे ग्रीस पुसून घ्यावे. विक्रेता याला तयार नसेल, तर पैसे देऊ नयेत. माझे इंजिन आता चालते, मात्र दुरुस्तीला आणखी ९,००० रुपये गेले. आणि तोच बिनवायरचा व्हिडिओ त्याच माणसाने दुसऱ्या एका इंजिनाच्या जाहिरातीला जोडलेला मी मागच्याच आठवड्यात पाहिला.