क्रिस्तियन झिमरमन यांनी वाजवलेले शुबर्टचे शेवटचे दोन सोनाटे

पोलंडचे पियानोवादक क्रिस्तियन झिमरमन ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार हात आखडता घेतात. १९७५ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांनी वॉर्साची शोपँ स्पर्धा जिंकली आणि तेव्हापासून त्यांचे नाव जगातील पहिल्या रांगेत आहे. तरीही डॉइच ग्रामोफोन कंपनीने २०१७ साली काढलेली ही तबकडी त्यांच्या आधीच्या संपूर्ण एकल वादनाच्या तबकडीनंतर जवळपास पाव शतकाने आली. ऑस्ट्रियाचे संगीतकार फ्रान्झ शुबर्ट यांचे अखेरचे दोन सोनाटे, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचना, तिच्यात आहेत: ए मेजर (डी ९५९) आणि बी-फ्लॅट मेजर (डी ९६०). ‘ए मेजर’सारखी नावे स्वरपट्टी सांगतात, आणि ‘डी’ हा शुबर्ट यांच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक. ते जपानमधील निइगाता प्रांतातल्या काशिवाझाकी या गावच्या सभागृहात जानेवारी २०१६ मध्ये ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा झिमरमन साठीच्या उंबरठ्यावर होते. शुबर्ट यांनी मात्र हे सोनाटे सप्टेंबर १८२८ मध्ये पूर्ण केले आणि १९ नोव्हेंबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सोनाटे छापून आले ते १८३९ साली.

शुबर्ट यांच्या मृत्यूची ही तारीख वादकांच्या मनावर इतकी बसलेली असते की बी-फ्लॅट सोनाटा पुष्कळदा मृत्युलेखासारखा वाजवला जातो. गती मंदावते, प्रत्येक स्वरावर दुःखाचे ओझे येते आणि ऐकणाराही मान खाली घालून बसतो. झिमरमन हे करत नाहीत, आणि माझ्या मते या तबकडीचे सर्वांत मोठे मोल त्यातच आहे. त्यांचा शुबर्ट आजारी नाही. तो बोलता बोलता थांबतो, विषय बदलतो, मध्येच चिडतो आणि पुन्हा गाऊ लागतो.

हे साधण्यासाठी त्यांनी वाद्यातच हात घातला आहे. आधुनिक ग्रँड पियानोत त्यांनी स्वतः तयार केलेला पट्ट्यांचा संच बसवला, ज्यामुळे हातोडी तारेवर नेहमीपेक्षा वेगळ्या बिंदूवर आघात करते आणि पट्ट्यांची चालही हलकी होते. परिणाम असा की स्वर अधिक गाता राहतो, पण त्याच्यासोबत उठणारे उपस्वरही बदलतात आणि क्वचित वाद्य किंचित वेगळ्या जुळणीचे भासते. शुबर्ट यांच्या लेखनात एकच स्वर किंवा स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतो. जड यंत्रणेच्या आजच्या पियानोवर त्याची ठोकाठोक होण्याचा धोका असतो. इथे ते आवर्तन हलक्या स्पर्शाने चालू राहते. मंद्र सप्तकात आवाज काहीसा सडपातळ आहे, हे खरे. पियानोचा भरदार गडगडाट ज्यांना हवा असेल त्यांची निराशा होईल. आमच्या सोलापूरच्या पूर्व विभागातील एका ज्येष्ठ पेटीवादकांना मी डी ९६० चा पहिला भाग ऐकवला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “अहो, पेटीला भात्याने सूर धरून ठेवता येतो, याला तो सोडावाच लागतो, मग सोडायचा कसा, हे या माणसाला नेमके ठाऊक आहे.” परीक्षणाचे अर्धे काम त्यांनीच केले असे म्हणावे लागेल.

डी ९६० च्या आरंभी शांत, स्तोत्रासारखी चाल येते आणि आठव्या मात्राखंडात डाव्या हाताला खालच्या जी-फ्लॅटवर अगदी दबका ट्रिल, म्हणजे दोन शेजारच्या स्वरांचा झपाट्याने आलटून पालटून होणारा कंप, वाजतो. पुढे या भागाची स्वरभूमी वारंवार दूरच्या प्रदेशात सरकते, त्याची पहिली कुणकुण या ट्रिलमध्ये आहे. काही वादक त्याला दूरच्या गडगडाटाचे रूप देतात. झिमरमन तो जवळजवळ न सांगितल्यासारखा वाजवतात आणि त्यानंतरच्या शांततेला पुरेसा वेळ देतात. प्रास्ताविक विभागाची, म्हणजे मुख्य चाली प्रथम मांडणाऱ्या अंशाची, पुनरावृत्तीही ते वगळत नाहीत, त्यामुळे हा एकच भाग सुमारे वीस मिनिटांचा होतो. आल्फ्रेड ब्रेंडेल यांच्यासारखा थोर वादक ही पुनरावृत्ती गाळत असे आणि त्याचे समर्थनही करत असे. परंतु परत फिरण्यापूर्वीच्या मोजक्या मात्राखंडांत तोच ट्रिल एकदाच मोठ्याने गरजतो, आणि तो ऐकल्याखेरीज बाकीचे दबके ट्रिल पूर्ण कळत नाहीत. मी पुनरावृत्तीच्या बाजूचा आहे.

माझी तक्रार आहे ती याच सोनाट्याच्या दुसऱ्या, सी-शार्प मायनरमधील भागाबद्दल. डावा हात स्वरसप्तके ओलांडत एकच लय धरून राहतो आणि मध्ये करुण चाल सरकत जाते. इथे झिमरमन यांची स्वच्छता जरा अति होते. प्रत्येक रेघ दिसते, पण धुके नाहीसे होते. त्या मानाने डी ९५९ चा अँडांटिनो, म्हणजे त्याचा संथ दुसरा भाग, अप्रतिम उतरला आहे. एफ-शार्प मायनरमधील झोके घेणारी साधी चाल अचानक मोडते, स्वरांचा अक्षरशः उत्पात होतो, आणि मग तुटक उद्गारांमधून ती चाल नव्या सोबतीसह परत येते. उत्पाताच्या जागी झिमरमन यांचा हात सैल सुटतो, आणि इतक्या आवरलेल्या वादकाकडून हे ऐकताना धक्का बसतो. शेवटच्या रोंडोची, म्हणजे मुख्य चाल फिरून फिरून येणाऱ्या भागाची, चाल शुबर्ट यांनी १८१७ च्या आपल्याच एका सोनाट्यातून घेतली होती. समाप्तीपूर्वी ती मध्येच थांबत, अडखळत जाते. त्या विरामांची मापे इथे कमालीची अचूक आहेत.

सोलापूरच्या श्रोत्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. पियानो प्रत्यक्ष ऐकण्याची संधी आपल्याकडे क्वचितच येते, त्यामुळे बहुतेकांचा संबंध ध्वनिमुद्रणाशीच राहणार, आणि हे ध्वनिमुद्रण मंद आवाजाच्या बाबतीत तडजोड करत नाही. एप्रिलमध्ये कूलर चालू असताना किंवा शेजारी यंत्रमागांची खटखट असताना तो पहिला ट्रिल मोबाईलच्या स्पीकरवर ऐकूच येणार नाही, आणि आवाज वाढवून ठेवला तर अँडांटिनोच्या मधल्या भागात घर दणाणेल. बंद कानांचे हेडफोन आणि पहाटेची वेळ, एवढी तजवीज करावी. तबकडी स्थानिक दुकानांत शोधण्यापेक्षा ऑनलाइन मागवणे बरे. स्ट्रीमिंग सेवांवरही ती उपलब्ध आहे, मात्र तिथे कमी दर्जाचा पर्याय आपोआप निवडला गेलेला नाही ना, हे तपासावे. या दोन सोनाट्यांसोबत १८२८ मध्येच लिहिलेला सी मायनर सोनाटा (डी ९५८) या संचात नाही, आणि ही उणीव जाणवते; झिमरमन यांच्या त्या सोनाट्यातील अंतिम भागाच्या दौडीची कल्पनाच करावी लागते.

ख्याल ऐकून तयार झालेल्या कानांनी बी-फ्लॅटच्या कीर्तीमुळे तिथूनच सुरुवात करू नये. आधी डी ९५९ चा अँडांटिनो, मग तो पूर्ण सोनाटा, आणि काही दिवसांनी डी ९६० चा पहिला भाग पुनरावृत्तीसह सलग ऐकावा; चौथ्या भागाच्या आरंभी वारंवार आडवा येणारा तो एकटा जी स्वर कशासाठी आहे, हे त्यानंतर शोधायला मजा येईल.