आरसिंक आठ महिने वापरून झालं, आता सांगतो

घरी दोन एक्स्टर्नल डिस्क आहेत, त्यांच्यावर घरचे फोटो नि स्कॅन केलेली कागदपत्रं, आणि दर रविवारी पहिलीवरचं दुसरीवर उतरवायला मी लिनक्सवर आरसिंक हे फाइली कॉपी करायचं टूल चालवतो. ते 1996 चं आहे, दिसायला काही नाही, काळी स्क्रीन. पहिल्यांदा अख्खी रात्र गेली, आता चार-पाच मिनिटांत आटपतं, कारण फाइलची साइझ आणि वेळ जुळली की ते फाइल उघडतच नाही. फाइलचा बदललेला भागच पाठवतं अशी त्याची ख्याती आहे ना, ती नेटवर्कवर, दोन्ही फोल्डर त्याच मशिनवर असतील तर ते बदललेली फाइल सरळ पूर्ण कॉपी करतं, मला हे कळायलाच दोन महिने गेले.

स्लॅशने सगळ्यांनाच छळलंय, मलाही. सोर्सच्या, म्हणजे जिथून कॉपी करायचं त्या फोल्डरच्या, नावाच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरच जातो, मग 'फोटो'मध्ये परत 'फोटो' आणि डिस्क फुल.

खरी भीती डिलीट ऑप्शनची, सोर्समध्ये नसलेल्या फाइली तो दुसरीकडूनही उडवतो. एकदा पहिल्या डिस्कची केबल सैल होती, डिस्क माउंटच झाली नव्हती, सिस्टिमला ती दिसतच नव्हती, म्हणजे सोर्स रिकामा, आणि आरसिंकने इमानदारीत दुसरी डिस्कही रिकामी करायला घेतली! वाचलो ते बॅकअप-डिर हा ऑप्शन लावलेला म्हणून, उडवायच्या फाइली त्याने बाजूच्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या. तेव्हापासून आधी ड्राय रन (खरं काही न करता काय होईल ते नुसतं दाखवणं), यादी डोळ्यांखालून घालायची, मॅक्स-डिलीट 50 ठेवायचं, म्हणजे एका वेळी 50 च्या वर काही उडणार नाही, आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत डिस्क माउंट आहे का ते तपासायचं.

दुसरी डिस्क आधी फॅट32 या फॉरमॅटची होती, तिथे 4 जीबीच्या वरचा लग्नाचा व्हिडिओ गेलाच नाही, आणि फॅट वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात लिहितं म्हणून न बदललेल्या फाइलीही परत परत कॉपी होत होत्या. मॉडिफाय-विंडो 1 दिल्यावर, म्हणजे एका सेकंदाचा फरक चालवून घे असं सांगितल्यावर, ते थांबलं, पण व्हिडिओसाठी शेवटी डिस्क फॉरमॅटच केली.

आणि हो, हे एकतर्फी आहे. बायकोने दुसऱ्या डिस्कवर थेट टाकलेले ट्रिपचे फोटो पुढच्या रविवारी त्या बाजूच्या फोल्डरमध्ये जाऊन पडले, ते शोधून देईपर्यंत माझं काही खरं नव्हतं. दोन्हीकडून बदल होत असतील तर युनिसन बघा, ते टूल दोन्ही बाजू जुळवतं. मी दुसऱ्या डिस्कवर चिठ्ठी चिकटवलीये, 'इथे काही टाकू नये'.